उकडलेले खडू

४ जून

ती. ताईस धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तू दोन वाक्यांत निकाल लावतेस आणि तिसरं वाक्य माझं असतं तेव्हा फोन ठेवून देतेस. म्हणून हे पत्र. पत्र मध्येच आपटता येत नाही.

पायाची सूज उतरली का? खरं सांग. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहणारी बाई सगळ्या इमारतीचा जिना साबणाच्या पाण्याने धुते आणि स्वतःच्याच साबणावरून घसरून खालच्या पायरीवर बसते, हे ऐकून आमचे हे आधी हसले आणि मग हळहळले. माझा लेक, वेगळं घर केलं तरी जेवायला इथेच येतो, तो मात्र हसला नाही. विमा कंपनीत तो दिवसभर लोकांचे धोके मोजतो, त्यामुळे त्याला आता धोक्याशिवाय काही दिसतच नाही. मावशी, तिसरा मजला, लिफ्ट नाही, वर साबण, असं तो बोटांवर मोजत होता.

तेव्हा ठरलं ते असं. आमची मागची खोली तुझ्यासाठी तयार झाली आहे. भिंतींना फिकट रंग दिला, नवा पलंग आणला, न्हाणीघरात धरायला दांडी बसवली. खिडकीतून ऊन येत नाही, दिवसभर मऊ उजेड असतो. जुलैच्या शेवटच्या रविवारी लेक टेम्पो घेऊन तुझ्या दारात येईल. सामानाला लागणारे खोके तो आधीच पाठवतो म्हणतो.

नाही म्हणू नकोस. हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरात तू मोठी सिस्टर होतीस तोवर ठीक होतं. आता निवृत्त होऊन घरी बसलीस. दिवसभर एकटी काय करतेस? जिने धुतेस.

घरात सगळे ठीक. तुझ्या लोभाला फिनेलचा वास येतो, पण आम्हाला तो तसाच हवा आहे.

तुझी,
धाकटी


११ जून

चि. धाकटीस ताईचे अ. उ. आ.

सूज उतरली. जिना स्वच्छ आहे. टेम्पो नको.

एवढ्यावर तू ऐकणार नाहीस, म्हणून पुढचं लिहिते. मी दिवसभर एकटी काय करते असं विचारलंस. संध्याकाळी मी पेस्टल खडूंनी चित्रं काढायच्या वर्गाला जाते. बाकीचा दिवस हात धुण्यात जातो.

झालं असं. आमच्या शेजारी लहान मुलांची शाळा आहे. शाळा सुटल्यावर तिथे एका वर्गात मोठ्या माणसांना चित्रकला शिकवतात, हे मला ठाऊक नव्हतं. मला एवढंच ठाऊक होतं की माझ्या वाळत घातलेल्या चादरींवर रोज निळी पूड पडते. चादर हातात घेऊन मी भांडायला गेले. शिकवणाऱ्या बाई तुझ्या लेकापेक्षा लहान असतील. केसांत पेन्सिल खोचलेली, गालावर हिरवा पट्टा. चित्रांचे पुठ्ठे त्या खिडकीबाहेर झटकत होत्या. माझं सगळं ऐकून घेतलं आणि डाग नेमका कसा पडला होता ते विचारलं, कारण चादर मी धुऊन आणली होती. दाखवायचा कसा? तर त्यांनी माझ्या हातात एक निळा खडू दिला आणि पुढे कागद सरकवला. मी डाग काढून दाखवला. त्या म्हणाल्या, कडेला इतका गडद होता का? मी म्हटलं, नाही, कडेला विरळ होता. मग बोटाने पुसा, म्हणाल्या. मी पुसला. धाकटे, अगदी तसाच डाग उमटला. मी दुसऱ्या दिवसापासून जायला लागले.

हे पेस्टल म्हणजे आपल्या लहानपणचे मेणाचे रंग नव्हेत. नुसती दाबलेली रंगाची भुकटी. हात लावला की हाताला, श्वास घेतला की नाकाला. मी टोपी, मास्क आणि हातमोजे घालून बसते. बाक लहान मुलांचे, त्यामुळे गुडघे कानाशी येतात. शेजारी दातांचे एक डॉक्टर बसतात. ते फक्त फळं काढतात, आणि चित्रावरची भुकटी फुंकर मारून उडवतात. माझ्या दिशेने! मी त्यांना सांगितलं की माझ्या थिएटरात असं कुणी केलं असतं तर त्याला मी बाहेर उभं केलं असतं. आता ते खिडकीत जाऊन फुंकतात.

मेहुण्यांना नमस्कार. हसण्याचा आणि हळहळण्याचा क्रम त्यांनी पुढच्या वेळी बदलावा. मी धरलेलं काम मध्येच सोडत नाही, हे तुझ्या चिरंजीवांना सांग, आणि खोके पाठवू नका.

लोभ ठेव. हात धुऊन ठेव.

ताई


१९ जून

ती. ताईस शि. सा. न.

तुझं पत्र मी जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं. ह्यांना ठसका लागला. पाठीवर मारायला मला उठावं लागलं, आणि मलाच हसू आवरेना, म्हणून पाणी लेकाने दिलं.

तू? धुळीत? लहानपणी शाळेतून आले की दारातच माझी बोटं उलटीसुलटी करून खडूचा कण शोधणारी तू? लेक जन्मला तेव्हा त्याला बघायला आलेल्या माझ्या सासूबाईंना कोपरापर्यंत हात धुवायला लावून तू रांगेत उभं केलं होतंस. त्या शेवटपर्यंत ते विसरल्या नाहीत.

लेक म्हणतो की हे सगळं टेम्पो टाळायचं निमित्त आहे. असा वर्गच नसेल, असंही म्हणाला. मला राग आला आणि मी तुझ्या बाजूने भांडले, पण भांडता भांडता अडकले. ठरलं ते असं. तू एक चित्र पाठवायचंस. ते टेबलावर ठेवायचं. कशाचं आहे ते न सांगता आम्हाला ओळखू आलं, तर मावशीला खरंच उद्योग आहे असं समजून टेम्पो रद्द, आणि पुन्हा विषय काढायचा नाही. लेकाने तसा शब्द दिला आहे. नाही ओळखू आलं, तर तू निमूटपणे सामान बांधायचंस.

आमचे हे जन्मभर पूल बांधत आले, तेव्हा सरळ रेषा सरळच काढ. ते ओळंबा लावून बघतील, मस्करी नव्हे.

चित्राची आणि तुझी वाट बघते आहे. दोन्हींतलं एकच येणार, हे कळतं आहे मला. काय यावं ते मात्र ठरत नाही.

तुझी,
धाकटी


२ जुलै

चि. धाकटीस अ. उ. आ.

अट मान्य. चित्र सोबत आहे.

उशीर का झाला ते सांगते, नाहीतर तुझे चिरंजीव त्याचाही धोका मोजतील. वर्गात खडूंचा एक मोठा डबा आहे. सगळे त्यातूनच घेतात. दातांचे डॉक्टर तो घेतात, बाई घेतात, कान खाजवून पुन्हा घेणारे एक गृहस्थ आहेत, तेही घेतात. मला ते बघवेना. सुट्टी होती म्हणून मी डबा घरी आणला. आपण जे दुसऱ्याच्या हातात देतो ते आधी उकळलेलं असावं, एवढंच मी आयुष्यभर शिकले. मोठ्या पातेल्यात पाणी ठेवलं, खडू फडक्यात बांधून आत सोडले, आणि घड्याळ लावलं.

फडकं वर काढलं तेव्हा ते रिकामं होतं. पातेल्यात राखेच्या रंगाची आमटी होती. अख्ख्या वर्गाचे सूर्यास्त, फळं आणि समुद्र त्यात एकजीव झाले होते.

मी पातेलं तसंच झाकून बाईंकडे नेलं. दोष लपवायची मला सवय नाही. त्यांनी झाकण उचललं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा झाकण ठेवलं आणि फळ्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या. खांदे हलत होते. मला वाटलं रडताहेत. तसं नव्हतं. मी नवा डबा आणून दिला. या वेळी प्रत्येकाला स्वतःची पुडी, नाव घालून. कान खाजवणाऱ्या गृहस्थांनी विरोध केला, पण टिकले नाहीत.

आता चित्राविषयी. कशाचं आहे ते अटीप्रमाणे लिहीत नाही. एवढं सांगते की मला ते जमलं आहे. बाईंनी बराच वेळ बघितलं आणि एका जागी बोट दाखवून, इथे तुम्ही घाबरला नाहीत, असं म्हणाल्या. वरून भुकटी घट्ट बसवणारा फवारा मारायला त्यांनी सांगितलं होतं. तो वास मला सोसवला नाही. शिवाय नीट बांधलेल्या पट्टीवर माझा जास्त विश्वास आहे. तेव्हा चित्रावर गॉज, त्यावर कापसाचा जाड थर, पुन्हा गॉज, आणि सबंध पुठ्ठ्याला घट्ट बँडेज केलं आहे. हातापायाचं हाड मोडलेला माणूस या बांधणीत खडबडीत रस्त्यावरून गेला आहे. चित्राला काय होतं!

उघडताना कात्री बोथट वापर. लोभ आहे, तो वेगळा बांधून पाठवत नाही.

ताई


१० जुलै

ती. ताईस शि. सा. न.

कसं लिहू?

तुझं पार्सल आलं तेव्हा ह्यांनी वरचं बँडेज बघून विचारलं की रोगी शुद्धीवर आहे का. टेबल पुसलं, तिघं बसलो, बोथट कात्रीने मी सोडवायला लागले. बँडेज संपेना. लेकाने घड्याळ बघितलं. शेवटी गॉज उचलला आणि आत कागद होता. म्हणजे बराचसा कागदच होता. मध्ये निळसर काहीतरी आणि उजवीकडे पिवळट काहीतरी, दोन्ही निघून जाण्याच्या बेतात.

ह्यांनी चष्मा बदलून बघितलं आणि धुक्यातला पूल आहे असं ठामपणे सांगितलं. खांब कुठे आहेत असं विचारल्यावर ते धुक्यात आहेत म्हणाले. मी उशी म्हटलं. लेकाने कागद उजेडाकडे धरला. मग हळूच म्हणाला की मावशीची नजर गेली आहे आणि ती कुणाला सांगत नाही. ताई, तो रडवेला झाला होता. आता टेम्पो तर येणारच आहे, शिवाय इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे तुझा नंबरही लावला आहे.

आता एक गोष्ट फक्त तुला सांगते. सगळे उठल्यावर मी आवराआवर केली, तेव्हा कापूस हातात आला. चित्र कापसात होतं गं! इतका सुंदर निळा मी कधी हातात धरला नव्हता. टाकवेना. तो एका वाडग्यात घालून तुझ्या खोलीच्या खिडकीत ठेवला आहे. दुपारी हे झोपले की जाऊन बघते. काल एक बोळा पाकिटाच्या पाठीवर घासला आणि बोटाने पुसला. संध्याकाळ झाल्यासारखं काहीतरी उमटलं. पाकीट मी साड्यांच्या खाली ठेवलं आहे. या वयात साड्यांखाली पाकीट लपवते आहे, आणि त्यात प्रेमपत्रही नाही.

तो खडू हातात कसा लागतो? खूप दाबावं लागतं का?

रागावली असशील. लोभ कापसात गेला नसेल अशी आशा.

धाकटी


१६ जुलै

चि. धाकटीस अ. उ. आ.

पूल? उशी? ती किटली होती. निळी किटली आणि बाजूला लिंबू. किटलीच्या पोटावर खिडकीचा उजेड होता, तिथेच मी घाबरले नव्हते. तो उजेड आता तुझ्या वाडग्यात आहे.

चूक माझी. पेस्टल कागदात मुरत नाही, नुसतं त्याच्या खरखरीत अंगाला धरून बसतं. मी त्याला कापसाने पुसून, वर दाबून बांधून, सगळ्या रस्ताभर घासत पाठवलं. बाईंना सांगितलं तेव्हा त्या बाकावर बसल्या, आणि बाक लहान असल्यामुळे त्यांना उठवावं लागलं. दातांच्या डॉक्टरांनी रुमालात तोंड घातलं. त्यांना हसू द्यायचं मी ठरवलं होतं, पण इतका वेळ नव्हे.

माझे डोळे चांगले आहेत. तुझ्या चिरंजीवांना सांग की या खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या दोरीचा चिमटा मोडला आहे तो मला दिसतो. नंबर त्यांनी स्वतःसाठी वापरावा.

टेम्पोबद्दल आता नीट लिहिते, एकदाच. थिएटरात मी सगळा जन्म दुसऱ्याने हात पुढे केला की त्या हातात नेमकं हत्यार ठेवत आले. मागायच्या आधी ठेवत होते, त्याचा मला अभिमान आहे. पण काय हवं ते नेहमी त्या हाताने ठरवलेलं असायचं. आता डबा उघडते तेव्हा कुणी हात पुढे करत नाही. कुठला रंग उचलायचा ते मीच ठरवते. पहिले काही दिवस मला उचलताच आला नाही, नुसती मांडामांड करत बसले. आता कुठे उचलायला लागले आहे. इथून मला हलवू नका. मी विनंती फारशी करत नाही, तेव्हा ही ओळखायला तुला वेळ लागेल, म्हणून सांगून ठेवते की ही विनंती आहे.

दुसरं. तू कापसातून चोरून रंग घासतेस हे मला आवडलं नाही. करायचं तर नीट कर. त्या पातेल्यातली आमटी बाईंनी टाकू दिली नव्हती. तिचं पाणी आटवून, गोळा मळून, आम्ही त्याच्या कांड्या वळल्या आणि सुकवल्या. सगळे रंग एकात मिसळल्यामुळे त्या राखी झाल्या आहेत, पण दर कांडी वेगळी राखी. एकीत थोडा जांभळा उरला आहे, एकीत हिरवा. बाई म्हणतात अशा सावल्या दुकानात मिळत नाहीत. त्यातल्या निम्म्या तुला पाठवते. दाबू नकोस. पेनसारखा धरू नकोस, आडवा धर. समोर जे हलत नाही ते आधी काढ.

तुमच्या न्यायसभेत एक तरी न्यायाधीश खडू धरलेला असावा. लोभ असू दे, पण नाकाला मास्क लावायला विसरू नकोस.

ताई


३ ऑगस्ट

ती. ताईस शि. सा. न.

शेवटच्या रविवारी टेम्पो आला नाही म्हणून तू जिन्यात वाट बघून थकली असशील, किंवा दाराला आतून पलंग लावून बसली असशील. काय झालं ते ऐक.

तुझी ती विनंती मी टेबलावर वाचली नाही. स्वतःशी वाचली, पुन्हा वाचली, आणि काय करावं ते न कळून तुझ्या राखी कांड्या घेऊन मागच्या खोलीत गेले. समोर न हलणारं काय आहे ते शोधलं. आमचे हे होते. दुपारी खुर्चीत झोपतात तेव्हा इमारत हलेल, हे हलत नाहीत. रोज त्यांनाच काढत गेले. भुकटी पडते म्हणून खाली चटई अंथरली, चटई पुरेना म्हणून पलंग भिंतीला उभा केला. हे जागे झाले आणि त्यांनी चित्र बघितलं. आपण असे दिसत नाही म्हणाले. तोंड उघडं टाकून झोपणारा हा माणूस कोण, असंही विचारलं. मग चित्र आरशाशेजारी धरून बराच वेळ आलटून पालटून बघत राहिले. संध्याकाळी माळ्यावरून त्यांचा जुना नकाशे काढायचा फळा उतरवला आणि भुकटी खाली पन्हळीत पडेल असा कोन देऊन मला उभा करून दिला. ओळंबा लावून. मला कळलं की नाक जमलं आहे.

रविवारी लेक टेम्पो घेऊन आधी इथेच आला. तुझी खोली एकदा नजरेखालून घालायची होती त्याला. दारात उभा राहिला. फिकट भिंतींना माझे राखी पंजे, खिडकीत तुझा कापूस, पलंग उभा, आणि त्याची आई फरशीवर फतकल मारून, नाकाला काळं. मावशी झोपणार कुठे, असं त्याने विचारलं. मी सांगितलं की मला माहीत नाही, आणि तू उजेडातून बाजूला हो.

तो बाजूला झाला. बऱ्याच वेळाने म्हणाला की आई, तू इतका वेळ गप्प बसलेली मी कधी बघितली नाही. त्याने याचाही धोका मोजला असावा. मग टेम्पोवाला खाली खोळंबला होता म्हणून दोघांनी मिळून पलंग उचलला आणि लेकाच्या घरी नेला. टेम्पो काही फुकट गेला नाही.

पण तो इतक्यावर सोडणारा नाही. चित्राची अट बाकी आहे, मावशीची नजर स्वतः तपासून येतो, असं म्हणत होता. सावध राहा.

ताई, आता खरं लिहिते. तुला सांभाळायला खोली सजवली असं मी सगळ्यांना सांगत होते. मलाही तसंच वाटत होतं. पण दुपारी या घरात एक पंखा बोलतो आणि एक माणूस घोरतो. तू येशील, मला रागावशील, माझे डबे पुन्हा लावशील, माझा दिवस जाईल, असं माझ्या मनात होतं. आता दिवस पुरत नाही. तुझ्यासाठी केलेल्या खोलीत मीच घुसून बसले आणि तुला जागा उरली नाही. रागावलीस का?

आणि हनुवटीखालची सावली चिखलासारखी का होते? राखी कांड्या संपत आल्या आहेत. आणखी खडू उकडशील का?

लोभाला जागा आहे. पलंगालाच नाही.

धाकटी


९ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. उ. आ.

हनुवटीखाली तू वारंवार घासतेस म्हणून चिखल होतो. एकदा लाव आणि हात मागे घे. हात मागे घेणं मलाही अजून जमत नाही.

ज्या खोलीत यायला मी तयार नव्हते त्या खोलीतून तू मला काढलंस. याचा राग येण्याचं काही कारण नव्हतं, तरी आला. एक दुपार होता. मग मी जिना धुतला. कठडा धरून.

तुझे चिरंजीव काल न कळवता आले. जिन्याच्या पायऱ्या पायाने दाबून बघत आले, हे मी वरून पाहिलं. त्यांना चहा दिला. समोरच्या गच्चीवरचा मोडका चिमटा मला दिसतो आणि त्यांना दिसत नाही, हे दोनदा सिद्ध झालं. वर्गात आमची चित्रं भिंतीला लावली आहेत, ती बघायला मी त्यांना नेलं आणि मुद्दाम दाराशीच थांबले. कुठलं चित्र कुणाचं ते लिहिलेलं नाही. ते एकेक बघत गेले. डॉक्टरांच्या फळांपाशी थांबले, बाईंच्या समुद्रापाशी थांबले. किटली मी पुन्हा काढली आहे, तिच्यापाशी आल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं आणि म्हणाले, मावशी, ही तुझी किटली. लहानपणी ते आजारी पडले की मी तिच्यातून पाणी द्यायची, असं म्हणाले. मला ते आठवतही नव्हतं. टेम्पोचं नाव काढलं नाही. जाताना त्यांच्या पांढऱ्या बाहीला निळं लागलेलं होतं, आणि मी ते त्यांना सांगितलं नाही.

खडू मी आणखी उकडले आहेत. या वेळी बाईंना विचारून. वर्गाला सुट्टी लागली की ते घेऊन मी तुझ्याकडे येते, पाहुणी म्हणून. पलंग परत आणू नका, मी बैठकीत गादी टाकून झोपेन. मेहुण्यांना दुपारची झोप मोडू नका म्हणून सांग, मलाही ते काढायचे आहेत. फळ्याला शेजारी दुसरा फळा मावेल का, ते त्यांना मोजायला लाव.

मी येणार म्हटलं की तू घर धुऊन काढतेस, हे मी चांगलं ओळखून आहे. बाकी घर काढ. मागच्या खोलीत झाडू नेऊ नकोस. भिंतीवरचे पंजे, फरशीवरची पूड, वाडग्यातला कापूस, जिथल्या तिथे राहू दे. मला आल्यावर बघायचं आहे.

ताई